पोलाद की टायटॅनियम? मोटारसायकलच्या झडपेचा शंभर वर्षांचा प्रवास

१/
मोटोक्रॉसच्या मोटारसायकलचे इंजिन नव्याने बांधायला घेतले आणि हेड उतरवले की एक प्रश्न हमखास उभा राहतो. झिजलेले टायटॅनियमचे व्हॉल्व्ह काढून पुन्हा टायटॅनियमचेच बसवायचे, की त्यांच्या जागी पोलादी घालायचे? टायटॅनियम हलके, महाग आणि अल्पायुषी. पोलाद जड, स्वस्त आणि चिवट, अशी ढोबळ समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. या दोन धातूंनी इंजिनातील दोन वेगवेगळ्या अडचणी सोडवल्या. पोलादाने उष्णतेची सोडवली, टायटॅनियमने वजनाची. त्या अडचणी कोणत्या क्रमाने आणि का पुढे आल्या हे ठाऊक असले, तर निवड बरीच सोपी होते. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
व्हॉल्व्ह म्हणजे झडप. तिचा आकार भूछत्रासारखा असतो : लांब दांडा आणि त्याच्या टोकाला गोल, चपटे डोके. चार-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला अशा किमान दोन झडपा असतात. इनलेट झडपेतून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, एक्झॉस्ट झडपेतून जळलेला वायू बाहेर जातो. कॅमशाफ्टवरील उंचवटा झडपेला खाली दाबतो, स्प्रिंग तिला परत वर खेचते. डोक्याची तिरकी कड हेडमधील कड्यावर, म्हणजे सीटवर, घट्ट टेकली तरच सिलिंडरमधील दाब टिकतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला ५० वेळा उघडते आणि मिटते.

३/
प्रारंभीच्या इंजिनांत ही धावपळ नव्हती. १८९०च्या दशकाच्या मध्यास फ्रान्समधील द दियों-बूतों या कंपनीने एका सिलिंडरचे छोटे, चपळ इंजिन तयार केले. तिचाक्यांना आणि पुढे अनेक देशांतील पहिल्यावहिल्या मोटारसायकलींना याच इंजिनाने चालना दिली. त्यातील इनलेट झडपेला कॅम नव्हताच. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधील दाब घटे, बाहेरची हवा नाजूक स्प्रिंगला मागे सारून झडप उघडे आणि आत शिरे. मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांपर्यंत ही व्यवस्था चालून गेली. त्याहून वेग वाढला की झडप हवेच्या ओढीला वेळेवर साथ देईना. म्हणून इनलेट झडपही कॅमच्या ताब्यात देण्यात आली.

४/
कॅम आल्यावर वेगाची स्पर्धा सुरू झाली. १९१२ सालच्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जॉर्ज ब्वायो याने जी प्यूजो गाडी विजयी केली, तिच्या इंजिनात हेडवर दोन कॅमशाफ्ट होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. एका मोठ्या झडपेऐवजी दोन लहान झडपा घातल्या की वायूला वाट अधिक मिळते आणि प्रत्येक झडपेचे वजन कमी राहते, हे तत्त्व त्यामागे होते. आजच्या बहुतेक वेगवान मोटारसायकलींच्या हेडची मूळ रचना हीच आहे. मात्र त्या काळी ही रचना पूर्ण ताकदीने वापरता येईना, कारण तिच्या आड धातूच येत होता.

५/
इनलेट झडपेचे नशीब चांगले. दर वेळी ताजे, थंड मिश्रण तिच्यावरून वाहते. एक्झॉस्ट झडपेवरून मात्र जळता वायू वाहतो आणि तिचे डोके ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून लालबुंद होते. तिची उष्णता निघून जायला दोनच वाटा : झडप मिटलेली असताना सीटमधून आणि दांड्यामार्फत गाइडमधून. बहुतांश उष्णता सीटवाटेच जाते. डोके किंचित वाकडे झाले आणि सीटवर एका बाजूने फट राहिली, की नेमक्या तेथून तप्त वायू फुसांडत निघतो आणि कड कापून काढतो. यालाच ‘व्हॉल्व्ह जळणे’ म्हणतात. याहून वाईट म्हणजे दांडा तुटून डोके पिस्टनवर पडणे. मग इंजिनात फारसे काही शिल्लक राहत नाही.

६/
पहिल्या महायुद्धात हा दोष जिवावर बेतू लागला. विमानाचे इंजिन तासन् तास जवळजवळ पूर्ण ताकदीवर चालते. रस्त्यावरील गाडीप्रमाणे त्याला मधूनमधून उसंत मिळत नाही. हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांत तर एक्झॉस्ट झडप हाच सर्वांत कच्चा दुवा होता. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत ए. एच. गिब्सन आणि त्यांचे सहकारी सॅम हेरॉन यांनी अशा सिलिंडरांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. पुढे हेरॉन अमेरिकेत गेले आणि डेटन येथील मॅकुक फील्डवर सैन्याच्या विमान-इंजिनांवर काम करू लागले. झडप थंड कशी ठेवायची, हा त्यांचा ध्यास होता.

७/
त्यांनी शोधलेला उपाय साधा होता. झडपेचा दांडा पोकळ करायचा, त्यात उष्णतेने वितळणारा पदार्थ अर्धवट भरायचा आणि तोंड बंद करायचे. या कामासाठी पुढे सोडियम हा धातू रूढ झाला. तो सुमारे ९८ अंशांना वितळतो. झडप वरखाली होताना हा द्रव आत हिंदकळतो, तप्त डोक्याकडील उष्णता उचलतो आणि तुलनेने थंड दांड्याकडे नेऊन पोचवतो. मे १९२७मध्ये चार्ल्स लिंडबर्ग याने न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर एकट्याने, न थांबता सुमारे साडेतेहतीस तासांत पार केले. त्याच्या विमानातील राइट व्हर्लविंड इंजिनामध्ये अशाच आतून थंड होणाऱ्या एक्झॉस्ट झडपा होत्या.

८/
दुसरा उपाय धातुशास्त्रज्ञांनी दिला. साधे पोलाद लाल होईपर्यंत तापले की नरम पडते आणि त्याच्यावर पापुद्रे सुटतात. त्यात क्रोमियम आणि सिलिकॉन मिसळले की पृष्ठभागावर चिवट संरक्षक थर तयार होतो. क्रोमियमबरोबर निकेल आणि मँगनीज वाढवले, की तापलेल्या अवस्थेतही बळ टिकवून धरणारे पोलाद मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक्झॉस्ट झडपेसाठी २१ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल असलेले पोलाद प्रमाण मानले जाऊ लागले. जेथे मार अधिक, तेथे कडेवर कोबाल्टच्या कठीण मिश्रधातूचा लेप चढवला जाई. उष्णतेचा प्रश्न अशा रीतीने पोलादाने बऱ्याच अंशी सोडवला. आजच्या ‘स्टेनलेस व्हॉल्व्ह’चे कुळ हेच.

९/
त्यानंतर दुसरी अडचण पुढे आली. कॅम झडपेला ढकलतो खरा. पण तिला परत आणण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे असते. झडपेची गती उलटवायला लागणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते आणि इंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६,००० फेऱ्यांवरून १२,०००वर गेले, की तीच झडप सांभाळायला चौपट बल हवे. स्प्रिंग कमी पडली की झडप कॅमचा माग सोडून अधांतरी तरंगू लागते. परत येऊन सीटवर आदळते, उसळते आणि कधी वर येणाऱ्या पिस्टनला भिडते. मेकॅनिक याला ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात. स्प्रिंग अधिक ताठ करणे हा उपाय काही मर्यादेपर्यंतच चालतो, कारण मग कॅम झिजतो, घर्षण वाढते आणि स्प्रिंगच थकून तुटते.

१०/
मोटारसायकलींच्या जगाने या अडचणीवर वेगवेगळ्या वाटा शोधल्या. ब्रिटिश रेसिंग इंजिनांत गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी आकड्यासारख्या, केसांच्या पिनेच्या आकाराच्या स्प्रिंगा आल्या. त्या झडपेबाहेर मोकळ्या हवेत राहत, कमी तापत आणि तुटल्या तर चटकन बदलता येत. इंग्लंडच्या रज कंपनीने १९२४पासून चार झडपांची मोटारसायकल विक्रीस आणली. १९३० साली आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी स्पर्धेतील सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही शर्यती रजने जिंकल्या. चार लहान झडपांमागील १९१२ सालचे तत्त्व आता दुचाकीवरही सिद्ध झाले.

११/
इटलीतील फाबियो ताल्योनी यांनी स्प्रिंगलाच रजा दिली. झडप उघडायला एक कॅम आणि मिटवायला दुसरा, अशी ही ‘डेस्मोड्रोमिक’ रचना. मर्सिडीझने १९५४-५५च्या आपल्या विजयी ग्रां प्री गाडीत ती वापरली होती. ताल्योनींनी ती डुकाटीच्या १२५ सीसी मोटारसायकलीत आणली. जुलै १९५६मध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे जान्नी देल्यी अंतोनी याने या यंत्रावर पहिल्याच शर्यतीत विजय मिळवला. काही आठवड्यांतच मोंझा येथे सराव करताना तो मृत्यू पावला. १९६८पासून डुकाटीने ही रचना रस्त्यावरील मोटारसायकलींतही आणली, आणि आजही ती त्या कंपनीची ओळख आहे. मात्र तिला अचूक जुळणी आणि नियमित निगा लागते.

१२/
जपानच्या होंडाने तिसरी वाट धरली : सिलिंडर वाढवायचे आणि प्रत्येक झडप इतकी लहान करायची, की तिचे वजन नगण्य व्हावे. १९६६ साली माइक हेलवुडने ज्या आरसी १६६ मोटारसायकलीवर जगज्जेतेपद मिळवले, तिचे इंजिन होते केवळ २५० सीसीचे. पण त्याला ६ सिलिंडर आणि २४ झडपा होत्या, आणि ते मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेई. ही वाट कारखान्याच्या संघालाच परवडणारी होती. एका सिलिंडरच्या, चिखलातून उडणाऱ्या मोटोक्रॉस मोटारसायकलीला ती उपयोगाची नव्हती. एकच सिलिंडर, मोठ्या झडपा आणि तरीही प्रचंड वेग हवा असेल, तर धातूच हलका हवा होता.

१३/
तो धातू पृथ्वीवर मुबलक होता, पण खनिजात घट्ट अडकलेला. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने एका ओढ्याकाठची काळी वाळू तपासली. ती चुंबकाकडे ओढली जात होती. लोह वेगळे काढल्यावर त्यात एका अनोळखी धातूचे ऑक्साइड उरले. १७९५मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने दुसऱ्या खनिजातून स्वतंत्रपणे तेच मूलद्रव्य ओळखले आणि ग्रीक पुराणातील टायटन दैत्यांवरून त्याला टायटॅनियम हे नाव दिले. नाव मिळाले, पण धातू म्हणून तो हाती यायला आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१४/
ही काळी वाळू मराठी वाचकाला परकी नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळसर वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचे संयुक्त ऑक्साइड, असते. त्याहून समृद्ध साठे केरळच्या चवरा किनाऱ्यावर आहेत. तेथे २०११ साली भारताचा पहिला टायटॅनियम स्पंज कारखाना सुरू झाला. हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेचे तंत्रज्ञान आणि अवकाश संशोधन संस्थेचे साहाय्य त्यामागे होते. खनिज पायाखाली असणे आणि धातू हातात असणे यांत किती अंतर असते, ते या तारखेवरून दिसते.

१५/
अंतराचे कारण रसायनात आहे. लोखंडाप्रमाणे टायटॅनियमचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घालून धातू मिळत नाही. तापलेला टायटॅनियम ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन अधाशीपणे शोषतो आणि ठिसूळ होतो. १९१०मध्ये अमेरिकेत मॅथ्यू हंटरने सोडियमच्या साहाय्याने शुद्ध धातू मिळवला, पण अल्प प्रमाणात. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल याने मॅग्नेशियम वापरण्याची रीत बसवली. युद्धाच्या छायेत १९४० साली तो अमेरिकेत गेला. १९४८मध्ये ड्यूपाँट कंपनीने त्याच्या रीतीने व्यापारी उत्पादन सुरू केले. खनिजाचे क्लोराइड करायचे, निष्क्रिय वायूत मॅग्नेशियमने ते फोडायचे, मिळालेला सच्छिद्र ‘स्पंज’ निर्वातात वितळवायचा : टायटॅनियमच्या झडपेची किंमत या पायऱ्यांत दडलेली आहे.

१६/
आरंभी या धातूचा मोठा ग्राहक होते विमान. डिसेंबर १९६४मध्ये प्रथम उडालेल्या लॉकहीडच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाचा सांगाडा मुख्यतः टायटॅनियमचा होता. ते बांधताना या धातूचे सोवळे कळले. कॅडमियमचा मुलामा असलेल्या पान्यांनी बोल्ट आवळले, तर तापल्यावर त्यांची डोकी गळून पडत. उन्हाळ्यात धुतलेल्या भागांचे वेल्डिंग निकामी होई, कारण त्या मोसमात शहराच्या पाण्यात क्लोरीन अधिक असे. टायटॅनियम बळकट असतो, हलका असतो. पण त्याला हाताळण्याचे नियम पोलादाचे नव्हेत. पुढे इंजिन नव्याने बांधणाऱ्यांनाही हेच शिकावे लागले.

१७/
झडपेच्या दृष्टीने हिशेब असा. पोलादाची घनता सुमारे ७.८, टायटॅनियमची सुमारे ४.५. म्हणजे ३० ग्रॅमची पोलादी झडप त्याच आकारात टायटॅनियमची केली, तर साधारण १७ ग्रॅम भरेल. स्प्रिंगला तितके कमी ओढावे लागते. त्यामुळे स्प्रिंग नरम ठेवता येते, कॅमवरचा भार घटतो, घर्षण कमी होते आणि कॅमचा उंचवटा अधिक उभा घडवून झडप चटकन पूर्ण उघडता येते. टायटॅनियमचा खरा लाभ या साखळीत आहे. केवळ झडप हलकी झाली आणि बाकीचे सारे तसेच राहिले, तर वाढीव ताकद अशी काही मिळत नाही.

१८/
तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. टायटॅनियम दुसऱ्या धातूवर घासला की चिकटतो आणि ओरबाडला जातो. तो उष्णता पोलादापेक्षाही कमी वाहून नेतो, त्यामुळे डोक्याची उष्णता सीटपर्यंत सावकाश पोचते. अतितप्त अवस्थेत बळ टिकवायचे, तर त्यात कथील, झिरकोनियम, मॉलिब्डेनम अशा धातूंची खास मिश्रणे करावी लागतात. म्हणून टायटॅनियमची झडप उघडी वापरत नाहीत. तिच्या दांड्यावर आणि कडेवर कठीण लेप किंवा ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तो अतिशय पातळ असतो. त्याच्या आतला धातू झिजेला तोंड द्यायला बनलेलाच नसतो. झडपेचे सारे आयुष्य त्या पातळ थरावर अवलंबून असते.

१९/
हे सारे मोटोक्रॉसच्या मैदानात उतरले ते एका वेगळ्याच घडामोडीमुळे. १९९०च्या दशकापर्यंत या खेळावर दोन-स्ट्रोक इंजिनांचे राज्य होते. त्यांना अशा झडपा नसतातच. म्हणून ती हलकी आणि दुरुस्तीला सोपी. पण त्यांचा धूर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांच्या नियमांत बसेना. ३ मे १९९७ रोजी लास वेगास येथे डग हेन्री याने यामाहाच्या ४०० सीसी चार-स्ट्रोक प्रायोगिक मोटारसायकलीवर सुपरक्रॉसची शर्यत जिंकली आणि पारडे फिरले. पुढच्याच वर्षी वायझेड४००एफ विक्रीस आली. स्पर्धेच्या नियमांनी चार-स्ट्रोकला आकाराची सवलत दिली. २५० सीसी चार-स्ट्रोक आता १२५ सीसी दोन-स्ट्रोकच्या गटात उतरू शकत होती.

२०/
या सवलतीचा लाभ घ्यायचा, तर लहान चार-स्ट्रोक इंजिनाला प्रचंड वेगाने फिरावे लागणार होते. २००१ची यामाहा वायझेड२५०एफ सिलिंडरला पाच टायटॅनियम झडपा घेऊन आली आणि सुमारे १३,५०० फेऱ्यांपर्यंत पोचली. त्या वेगात प्रत्येक झडप सेकंदाला ११२ वेळा उघडते. २००२च्या होंडा सीआरएफ४५०आरच्या हेडमध्ये तर शंभर वर्षांचा इतिहास एकत्र दिसतो. तिच्या इनलेट झडपा टायटॅनियमच्या होत्या, एक्झॉस्ट झडपा पोलादी. इनलेट झडप मोठी, म्हणून तिचे वजन जाचक. एक्झॉस्ट झडप लहान, म्हणून तिचे वजन सुसह्य, पण उष्णता भयंकर. वजन होते तेथे टायटॅनियम, उष्णता होती तेथे पोलाद. शर्यतीच्या कार्यशाळेतला धातू आता दुकानात उभ्या असलेल्या मोटारसायकलीत आला होता.

२१/
अडचण त्यानंतर सुरू झाली. कारखान्याच्या संघात मेकॅनिक असतो, तासांची नोंद असते, ठरावीक तासांनंतर झडपा बदलल्या जातात. हौशी चालक तेच इंजिन वर्षानुवर्षे, धुळीत आणि कधी निष्काळजीपणे तेल लावलेल्या एअर फिल्टरसह चालवतो. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ थेट इनलेट झडपेच्या कडेवर येते आणि पातळ थर खरवडते. थर गेला की झीज झपाट्याने होते. झडप सीटमध्ये खोल बसू लागते, दांड्याचे टोक कॅमकडे सरकते आणि टॅपेटमधील मोकळीक कमी होत जाते. गाडी थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते, ही त्याची पहिली खूण. शिम बदलून मोकळीक परत आणता येते. पण थोड्या तासांत ती पुन्हा घटली, तर तो थर संपल्याचा पुरावा समजावा.

२२/
येथे जुन्या कारागिरीची एक चांगली सवय घात करते. पोलादी झडप सीटवर नीट बसत नसेल, तर मेकॅनिक कडेला घासण्याची पेस्ट लावतो, रबरी टोकाच्या दांडीने झडप धरतो आणि ताकाची रवी फिरवावी तशी ती तळहातांमध्ये फिरवतो. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून करड्या रंगाची अखंड रेघ उमटली, की काम झाले. गावोगावच्या गॅरेजांत बुलेटपासून शंभर सीसीच्या गाड्यांपर्यंत पिढ्यान् पिढ्या हे असेच होत आले, आणि पोलादासाठी ते योग्यच आहे. टायटॅनियमच्या झडपेवर मात्र हीच पेस्ट संरक्षक थर खरवडून टाकते. तेथे झडप घासायची नसते. सीट यंत्राने अचूक कापायची आणि नवी झडप बसवायची, एवढाच मार्ग.

२३/
याच अनुभवातून टायटॅनियमच्या जागी बसणारे पोलादी झडपांचे संच बाजारात आले. त्यात झडपांसोबत अधिक ताठ स्प्रिंगा असतात. त्या वगळून चालत नाही. टायटॅनियमसाठी बनलेल्या नरम स्प्रिंगवर जड पोलादी झडप लटकवली, तर वरच्या फेऱ्यांत ती तरंगेल आणि पिस्टनशी टक्कर होईल. म्हणजे १९३०च्या दशकातील तोच जुना प्रश्न पुन्हा दारात येतो. ताठ स्प्रिंगची किंमत कॅमवरील वाढलेल्या भाराने आणि वरच्या टोकाला कमी झालेल्या चपळाईने मोजावी लागते. त्या बदल्यात झडप धूळ अधिक सोसते, गरज पडल्यास घासता येते आणि मोकळीक दीर्घकाळ टिकते.

२४/
तेव्हा निवडीचे उत्तर इंजिनाच्या वापरात शोधावे. शर्यतीत उतरणारे, सतत वरच्या फेऱ्यांत राहणारे आणि तासांची वही ठेवून वेळेवर उघडले जाणारे इंजिन असेल, तर मूळ टायटॅनियमच योग्य. कॅम आणि स्प्रिंगा त्याच्याभोवतीच आखलेल्या असतात. डोंगरवाटा, धूळ, लांब पल्ला आणि दूरच्या गावातील गॅरेज असा संसार असेल, तर जुळणाऱ्या स्प्रिंगांसह पोलाद शहाणपणाचे. जे इंजिन मुळातच पोलादी झडपांवर आखलेले आहे आणि संथ फिरते, त्यात नुसता टायटॅनियम घालणे हा खर्च व्यर्थ. त्याला गाठायचा तो वेग त्या इंजिनात नसतोच. आणि सीट खराब असेल किंवा गाइड सैल असेल, तर दोन्ही धातू सारखेच लवकर संपतील.

२५/
दोन्ही धातूंचा मेळ घालणे ही तडजोड समजण्याचेही कारण नाही. २००६ साली आलेल्या शेवरले कॉर्व्हेट झी०६ या मोटारगाडीच्या ७ लिटर इंजिनात इनलेट झडपा टायटॅनियमच्या होत्या आणि एक्झॉस्ट झडपा सोडियम भरलेल्या. १९२०च्या दशकातील हेरॉन यांचा उपाय आणि क्रोल यांचा धातू एकाच सिलिंडरवर शेजारी शेजारी काम करत होते. दुसरीकडे, २००९ साली दाखल झालेल्या बीएमडब्ल्यू एस१०००आरआरमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट या दोन्ही झडपा टायटॅनियमच्या आल्या. योग्य मिश्रधातू आणि योग्य लेप मिळाल्यावर उष्णतेची बाजूही या धातूने काही अंशी काबीज केली.

२६/
शंभर वर्षांत झडपेचा आकार फारसा बदलला नाही. बदलल्या त्या तिच्याकडून ठेवलेल्या अपेक्षा. महायुद्धातील वैमानिकाला ती तुटू नये एवढेच हवे होते. ताल्योनींना आणि होंडाच्या अभियंत्यांना ती वेळेवर मिटायला हवी होती. मोटोक्रॉसच्या चालकाला दोन्ही हवे असते, आणि वर ती पुढच्या हंगामापर्यंत टिकावी अशीही इच्छा असते. या तीनही गोष्टी एकाच धातूने आजवर एकाच वेळी दिलेल्या नाहीत. म्हणून हेड उतरवलेले असताना प्रथम ठरवायचे ते धातूचे नाव नव्हे. हे इंजिन किती फिरणार, कोठे चालणार आणि पुन्हा केव्हा उघडले जाणार, हे ठरवायचे. त्यानंतर टायटॅनियम की पोलाद, हे सांगायला कोणाची गरज उरत नाही.